शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. आणि चुलीपुरते ते अगदी खरे आहे. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी कोणतीही गृहिणी सारे पातेले उपसत नाही. पळीने दोन शिते काढते, बोटांत चेपते आणि पातेले खाली उतरवते. तिचा निर्णय सहसा चुकत नाही. पातेल्यातील सारा तांदूळ एकाच पोत्यातला, पाणी एक, आच एक आणि चुलीवर चढविल्याची वेळही एक. एका शिताचे जे झाले तेच इतरांचे झाले असणार, असे धरून चालण्यास तिच्याजवळ पुरेसा आधार असतो.

जून महिन्यात शाळा उघडल्या की आपणही हीच परीक्षा करू लागतो. नवा पट समोर बसलेला असतो. एखादे मूल नाव विचारताच खणखणीत आवाजात सांगते, दुसरे मान खाली घालते. एकाचा गणवेश स्वच्छ धुतलेला, तर दुसऱ्याच्या सदऱ्यास गुंड्याच नाहीत. एक 'पाणी' म्हणते, एक 'पानी' म्हणते. पहिला आठवडा संपण्यापूर्वीच कोण हुशार, कोण मध्यम आणि कोणापुढे डोके फोडून उपयोग नाही, याची यादी आपल्या मनात तयार झालेली असते. ही यादी कोणत्याही वहीत लिहिलेली नसते. पण मधल्या सुट्टीत चहा घेताना ती ऐकावयास मिळते. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही दुसरी म्हण तिच्या मदतीस तत्पर असतेच. परंतु वर्ग म्हणजे काही एका चुलीवरचे पातेले नव्हे. प्रत्येक मूल निराळ्या घरातून, निराळी बोली घेऊन आणि निराळ्या आचेवर शिजून आलेले असते.

पहिला ग्रह पुष्कळदा चुकतो, हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक अनुभवी शिक्षकास ते ठाऊक आहे. ध्यानात घ्यावयाची गोष्ट याच्या पुढची आहे. एकदा ग्रह झाला की तो आपल्या हातून अशी वागणूक घडवितो की, मूळचा चुकीचा ग्रहही कालांतराने खरा वाटू लागतो. भात शिजला नाही असे शितावरून ठरवून कोणी आचच काढून घेतली, तर तो भात कच्चा राहणारच. आणि मग 'मी म्हणत नव्हतो?' असे म्हणावयास आपण मोकळे!

याबाबतीत स्वतःचाच एक अनुभव सांगतो. मी एका साखर कारखान्याच्या परिसरातील शाळेत शिक्षक असताना डिसेंबर महिन्यात ऊसतोड कामगारांची काही मुले वर्गात दाखल झाली. त्यांत तिसरीच्या वयाची एक मुलगी होती. घरी गोरमाटी बोलणारे लमाण कुटुंब. कडेवर धाकटा भाऊ. पहिल्या दिवशी मी तिच्या हाती पाठ्यपुस्तक दिले आणि एक उतारा वाचण्यास सांगितले. तिने एक शब्द उच्चारला, मुले हसली आणि ती गप्प झाली. मी थोडा वेळ थांबलो, पुस्तक परत घेतले आणि नोंदवहीत लिहिले, 'वाचन येत नाही.' तिला दाराजवळ बसविले. कारण भाऊ रडू लागला तर तिला बाहेर जाणे सोयीचे पडावे. माझ्या मते हा माझा समंजसपणा होता.

फेब्रुवारीत काही नोंदींच्या निमित्ताने मी त्या कामगारांच्या कोप्यांवर गेलो. संध्याकाळची वेळ होती. एका कोपीपुढे पाच-सहा माणसे बसली होती आणि मधोमध ही मुलगी कारखान्याच्या वजनाच्या पावत्या वाचून दाखवीत होती. कोणाच्या गाडीचे किती वजन भरले, कोणत्या तारखेस भरले, हे ती एकेक करून सांगत होती आणि बेरीजही करीत होती. वाचन अडखळत होते, पण ते वाचनच होते. मी शाळेत परतलो आणि माझी नोंदवही उघडली. डिसेंबरातील त्या दोन मिनिटांनंतर नऊ आठवडे लोटले होते. त्या नऊ आठवड्यांत मी तिला पुन्हा एकदाही वाचावयास सांगितले नव्हते. सांगण्याचे कारणच नव्हते. तिला वाचता येत नाही हे मला 'ठाऊक' होते. मुले हसली होती ही गोष्ट तर मी साफ विसरलो होतो. पुढे महिनाभर तिच्याकडून रोज थोडे वाचून घेतले. हंगाम संपला तेव्हा ते कुटुंब निघून गेले. नोंद मी दुरुस्त केली; परंतु ते नऊ आठवडे दुरुस्त करता आले नाहीत.

हे सांगण्यात कोणास दोष देण्याचा हेतू नाही. झटपट अदमास बांधल्याशिवाय माणसाचा व्यवहारच चालणार नाही. बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, अंधाऱ्या वाटेवर समोरचा मनुष्य कसा आहे हे आपण क्षणात ठरवितो आणि पुष्कळदा तेच शहाणपणाचे असते. चाळीस मुलांचा वर्ग, त्यातून द्विशिक्षकी शाळा, शिवाय रोजची माहिती भरून पाठविण्याचे काम. अशा स्थितीत शिक्षकाने प्रत्येक मुलाचा निःपक्ष अभ्यास करून मगच मत बनवावे, असे म्हणणे म्हणजे पाठ न घेणाऱ्याने पाठ कसा घ्यावा हे सांगण्यापैकी आहे. ग्रह होणारच. तो कसा होतो आणि पुढे काय करतो, एवढे समजले तरी पुरे.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली अमेरिकेत केलेले काही प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. त्याने लोकांना एका अज्ञात व्यक्तीचे सहा गुण वाचून दाखविले : बुद्धिमान, उद्योगी, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटास हेच सहा शब्द उलट्या क्रमाने सांगितले, म्हणजे मत्सरापासून आरंभ करून बुद्धिमत्तेपर्यंत. शब्द तेच, व्यक्तीही तीच. तरी पहिल्या गटाच्या डोळ्यांपुढे काही दोष असलेला पण कर्तबगार मनुष्य उभा राहिला आणि दुसऱ्या गटास दोषांमुळे ज्याचे गुण वाया गेले असा मनुष्य दिसला. आधी ऐकलेला शब्द नंतरच्या शब्दांचा अर्थच बदलून टाकतो. बुद्धिमान मुलाचा हट्ट आपणांस बाणेदारपणा वाटतो. ज्यास आपण आधीच 'ढ' ठरविले त्याचा हट्ट हा आडमुठेपणा ठरतो. मागील वर्गाच्या शिक्षकाने जाता जाता सांगितलेले एखादे वाक्य पुढच्या वर्गात वर्षभर काम करीत राहते, त्याचे कारण हेच आहे.

याच जातीचा आणखी एक दोष एडवर्ड थॉर्नडाइक याने १९२० साली दाखवून दिला. सैन्यातील वरिष्ठांनी आपल्या हाताखालील अधिकाऱ्यांचे शरीर, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा निरनिराळ्या गुणांचे मूल्यमापन केले होते. हे गुण एकमेकांपासून बरेच स्वतंत्र. पण एका गुणात ज्यास वरचा क्रम मिळाला त्यास बहुधा सर्वच गुणांत वरचा क्रम मिळालेला आढळला. देवाच्या मूर्तीमागे जशी प्रभावळ असते, तशी एका गुणाची प्रभा इतर सर्व गुणांवर पडते. आपल्या वर्गात ही प्रभावळ बहुधा अक्षराची असते. वळणदार अक्षर, कव्हर घातलेली वही आणि शांत स्वभाव एवढे ज्या मुलीजवळ आहे, तिला भागाकार समजलेला नाही ही गोष्ट कित्येकदा पाचवीपर्यंत कोणाच्या लक्षातच येत नाही. चांगल्या ग्रहानेही मुलाचे नुकसान होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. गुरुजींच्या स्वतःच्या मुलालाही हे नुकसान पुष्कळदा सोसावे लागते.

आतापर्यंत एका मुलाविषयी झालेल्या ग्रहाचा विचार झाला. पण कित्येकदा मूल समोर येण्यापूर्वीच त्याचे चित्र तयार असते. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन याने १९२२ साली अशा तयार चित्रांना छापखान्यातील एका वस्तूचे नाव दिले. सुटे खिळे जुळवून पान उभे केले की त्याचा साचा घेऊन धातूचा एक अखंड ठसा ओतीत असत. मग त्या ठशावरून हव्या तितक्या प्रती निघत. त्या पानातील एखादे अक्षर चुकले असले तरी आता ते बदलता येत नसे. 'अमुक वस्तीतील मुले उनाड', 'तमक्यांना गणित जमत नाही', 'मुलींना शास्त्रात गोडी नसते' ही सारी अशा अखंड ठशांची वाक्ये होत. त्यांत सुटे मूल कोठेच नसते.

आपल्या महाराष्ट्रात या साच्याला सर्वांत लवकर हात घालून देते ती बोली. मराठीच्या अनेक बोलींत 'ण'चा उच्चार 'न' असाच होतो. त्या बोली बोलणारे मूल 'पानी', 'लोनी', 'कोन' म्हणते ते जिभेच्या आळसाने नव्हे, तर आईकडून ते तसे शिकले म्हणून. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी यांची आपापली व्याकरणे आहेत; भिली, गोंडी, कोरकू, गोरमाटी या तर निराळ्या भाषाच आहेत. सहा वर्षांचे मूल त्यांपैकी एक बोली पूर्णपणे आत्मसात करून शाळेत येते, म्हणजे वास्तविक त्याने एक मोठे बौद्धिक कार्य पार पाडलेले असते. परंतु आपल्या कानांस प्रथम ऐकू येतो तो 'न'. आणि कानांनी केलेला निवाडा आपण बुद्धीच्या खात्यावर लिहितो.

हा निवाडा किती दूरवर जातो, हे १९६० साली कॅनडातील माँट्रिऑल येथे वॉलेस लँबर्ट व त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगावरून दिसते. इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषा सफाईने बोलणाऱ्या काही व्यक्तींकडून त्यांनी एकच उतारा दोन्ही भाषांत वाचून घेतला आणि तो ध्वनिमुद्रित केला. ऐकणाऱ्यांस वाटले की हे सारे निरनिराळे लोक आहेत. आवाजावरून त्यांनी प्रत्येकाचा स्वभाव सांगावयाचा होता. तोच मनुष्य इंग्रजी बोलला तेव्हा तो अधिक बुद्धिमान, अधिक भरवशाचा, इतकेच नव्हे तर अधिक उंचही वाटला! येथे विशेष लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, फ्रेंच भाषिक श्रोत्यांनीही आपल्याच भाषेतील आवाजास कमी लेखले. साचा हा केवळ परक्याच्या डोळ्यांत असतो असे नाही. ज्याच्यावर तो बसविला जातो त्याच्याही डोळ्यांत तो उतरतो. ज्या शिक्षकाची घरची बोली वर्गातील मुलांचीच आहे, त्यानेही हे ध्यानात ठेवावे.

आणि साच्याला राज्यसत्तेचा शिक्का मिळाला म्हणजे काय होते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती'चा कायदा केला. काही जमातींत जन्म घेणे एवढ्यावरूनच माणसे संशयित ठरली. त्यांची नोंदणी झाली, हजेरी सुरू झाली, हिंडण्याफिरण्यावर बंधने आली. एकाही व्यक्तीची चौकशी न करता साऱ्या समूहाचा निकाल लावणारा असा तो कायदा होता. १९५२ साली तो रद्द झाला आणि त्या समाजांस विमुक्त असे नाव मिळाले. परंतु कायद्याची पुस्तके मिटली तरी मनातील पुस्तके तितक्या लवकर मिटत नाहीत. वर्गात कोणाची पेन्सिल किंवा खाऊचे पैसे हरवले म्हणजे सर्वांत आधी कोणाचे दप्तर उघडले जाते, हे प्रत्येकाने आपल्या शाळेपुरते आठवून पाहावे. पेन्सिल पुढे बाकाखाली सापडते. दप्तर उघडले गेलेले मूल दुसऱ्या दिवशी येत नाही. आणि हजेरीपटावर ते 'अनियमित' म्हणून नोंदले जाते.

आता ग्रह स्वतःसाठी पुरावा कसा गोळा करतो तो प्रश्न घेऊ. १९८३ साली जॉन डार्ली व पॅजेट ग्रॉस यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थ्यांना चौथीतील एका मुलीचे चलच्चित्र दाखविले. काहींना ती संपन्न वस्तीत खेळताना दिसली, तर काहींना गरीब वस्तीत. एवढेच पाहून तिची शैक्षणिक पातळी सांगा असे म्हटल्यावर दोन्ही गटांनी जवळजवळ सारखेच उत्तर दिले : चौथीच्या मुलीची असावी तेवढी. केवळ वस्ती पाहून निवाडा करणे बरे नव्हे, इतका विवेक त्यांच्याजवळ होता. इतर काहींना मात्र वस्तीच्या चित्रानंतर ती मुलगी तोंडी परीक्षा देत असल्याचे चित्रही दाखविले. तिची उत्तरे संमिश्र होती. काही कठीण प्रश्न तिने सोडविले, काही सोप्या प्रश्नांत ती चुकली. परीक्षेचे चित्र सर्वांना एकच दाखविले होते. असे असूनही संपन्न वस्ती पाहिलेल्यांनी तिला इयत्तेच्या वर ठेवले आणि गरीब वस्ती पाहिलेल्यांनी खाली. पहिल्यांना तिची बरोबर उत्तरे अधिक आठवत होती.

हा निष्कर्ष आपल्याला थोडा अस्वस्थ करणारा आहे. प्रत्यक्ष परीक्षा घेतली म्हणजे पूर्वग्रह गळून पडेल, असे आपण समजतो. येथे उलटच घडले. पुरावा समोर येईपर्यंत माणसे सावध होती. पुरावा येताच प्रत्येकाने त्यातून आपल्याला हवा तो भाग उचलला आणि मग निःशंक मनाने निर्णय दिला. 'मी स्वतः परीक्षा घेतली आहे' हे वाक्य आपण ज्या आत्मविश्वासाने उच्चारतो, त्या आत्मविश्वासाकडे म्हणून थोडे संशयाने पाहिले पाहिजे.

वर्गात तर शिक्षक हा केवळ प्रेक्षक नसतो. तो मुलाला संधी देतो किंवा देत नाही. मेरी बड रो या विदुषीने १९७० च्या दशकात अमेरिकेतील वर्गांतून शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबतात याची मोजदाद केली. सरासरी वेळ सुमारे एक सेकंद भरला! तेवढ्यात उत्तर आले नाही की प्रश्न पुन्हा विचारला जाई किंवा दुसऱ्याकडे जाई. त्यातही ज्या मुलांस शिक्षक वर्गात सर्वांत हुशार समजत, त्यांच्यासाठी ते जवळजवळ दोन सेकंद थांबत. ज्यांस सर्वांत मागे समजत, त्यांच्यासाठी सेकंदाहूनही कमी. ज्या मुलास विचार करण्यास अधिक वेळ हवा, त्यालाच तो कमी मिळत होता, आणि यात कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. थांबण्याचा वेळ तीन सेकंद केल्यावर उत्तरे लांबली, उत्तर न देणाऱ्यांची संख्या घटली आणि ज्यांच्याकडून काही अपेक्षा नव्हती अशी मुलेही बोलू लागली. या प्रयोगासाठी साहित्य लागत नाही, अनुदान लागत नाही. मनातल्या मनात एक, दोन, तीन म्हणावयाचे, एवढेच. सांगावयास सोपे आहे. करून पाहिल्यावर ती तीन सेकंदे किती लांब असतात ते कळते.

शिक्षकाच्या अपेक्षेविषयीचा सर्वांत गाजलेला प्रयोग रॉबर्ट रोझेंथल व लेनोर जेकबसन यांचा. त्याचा वृत्तान्त १९६८ साली प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना सांगण्यात आले की, अमुक मुले यंदा बुद्धीने झपाट्याने वाढतील. ही सुमारे एक पंचमांश मुले वास्तविक चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षअखेरीस पहिली व दुसरीतील त्या मुलांची प्रगती इतरांहून अधिक आढळली. वरच्या वर्गांत तसे विशेष दिसले नाही. या प्रयोगाचा हवाला व्याख्यानांतून इतक्या वेळा दिला जातो की, शिक्षकाने मनात आणले तर काहीही होऊ शकते असा समज पसरला आहे. तो खरा नाही. त्या प्रयोगातील चाचण्यांवर त्या काळीच कडक टीका झाली. पुढील संशोधनात असे दिसले की, अपेक्षेचा परिणाम सामान्यतः लहानच असतो आणि शिक्षकांचे अंदाज पुष्कळदा बरोबरही असतात. मात्र ज्या मुलांच्या समाजाविषयी आधीच प्रतिकूल साचा रूढ आहे, त्यांच्या बाबतीत हा परिणाम मोठा असल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे ज्या मुलास घरून दुसरा आधार नाही, त्याच्यावर आपल्या ग्रहाचे वजन अधिक पडते.

आपल्या देशातीलही एक उदाहरण पाहू. रेमा हॅना व ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील एका शहरात मुलांची परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिका शिक्षकांकडून तपासून घेतल्या. त्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. उत्तरपत्रिकेच्या मुखपृष्ठावर मुलाचे वय, लिंग व जात लिहिलेली होती. पण ती माहिती खरी नव्हती, वाटेल तशी वाटून दिलेली होती. तेव्हा उत्तरे सारखी असताना गुणांत फरक पडला, तर तो मुखपृष्ठामुळेच पडला असे म्हणता येते. कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींचे नाव असलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. फरक लहान होता, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. तथापि दोन गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, हा फरक मुख्यतः त्याच जातींतून आलेल्या परीक्षकांच्या तपासणीत दिसला. लँबर्टच्या फ्रेंच श्रोत्यांची येथे आठवण होते. दुसरी अशी की, गठ्ठ्याच्या आरंभी तपासलेल्या उत्तरपत्रिकांत तो अधिक होता. आरंभी कोणत्या उत्तरास किती गुण द्यावयाचे हे परीक्षकाच्या मनात पुरते ठरलेले नसते, आणि जेथे उत्तरावरून निर्णय होत नाही तेथे डोळा मुखपृष्ठाकडे वळतो, असा याचा अर्थ लावता येईल.

यातून तपासणीपुरती एक रीत सहज निघते. गठ्ठा हाती घेण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नाच्या अपेक्षित उत्तराचे मुद्दे व त्यांचे गुण कागदावर लिहून काढावेत. मग एका मुलाची सारी उत्तरपत्रिका तपासण्याऐवजी सर्व मुलांचा पहिला प्रश्न, नंतर सर्वांचा दुसरा, असे तपासावे. असे केले म्हणजे पहिल्या उत्तराची प्रभावळ दुसऱ्यावर पडत नाही. दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी गठ्ठ्याचा क्रमही बदलावा. नाव दुमडून ठेवावे असे काहीजण सुचवितात. पण वीस मुलांच्या वर्गात अक्षरावरून मूल ओळखू येतेच, तेव्हा त्याचा लाभ मर्यादित आहे. त्यापेक्षा शेजारच्या शाळेशी वर्षातून एकदा गठ्ठ्याची अदलाबदल करणे अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. पहिल्या वेळी थोडी कटुता येते. पुढे येत नाही.

वर्णनात्मक नोंदींची बाब याहून महत्त्वाची आहे. २०१० पासून आपल्याकडे आकारिक मूल्यमापन आले आणि मुलाविषयी शब्दांत लिहिण्याची संधी शिक्षकास मिळाली. तपासणीच्या वेळी मी अनेक नोंदवह्या पाहिल्या आहेत. 'अभ्यासात लक्ष नाही', 'गणितात कच्चा', 'वर्तन समाधानकारक', 'बरा आहे' अशी वाक्ये एकाखाली एक, एकाच शाईत, एकाच बैठकीत उतरलेली असतात. ही नोंद नव्हे, हा निकाल आहे. आणि तो पुढच्या शिक्षकाच्या हाती अ‍ॅशच्या यादीतील पहिल्या शब्दाप्रमाणे पडतो. 'गणितात कच्चा' याऐवजी '१२ जुलै : ३४ व २८ यांच्या बेरजेत हातचा मिळविण्यास विसरला' असे लिहिले तर काय फरक पडतो? पहिल्या वाक्यावर पुढच्या शिक्षकास काहीच करता येत नाही. दुसऱ्यावर तो उद्या सकाळी काम सुरू करू शकतो. आणि महिन्याने हातचा मिळवता आला तर ती नोंद आपोआप जुनी होते. विशेषणास तारीख नसते, घटनेस असते. माझ्या त्या नोंदवहीत 'वाचन येत नाही' ऐवजी 'उतारा दिला, एक शब्द वाचला, मुले हसली, थांबली' असे लिहिले असते, तर दुसऱ्या दिवशी तिला एकटीला जवळ बसवून वाचावयास देण्याची बुद्धी बहुधा मला झाली असती.

एकशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलाची रोज अशी नोंद करणे अशक्य आहे, आणि तसा आग्रह धरणे कागदी ठरेल. आठवड्यास चार मुले पुरेत. मात्र ती चार मुले कोणती हे हजेरीपटाच्या क्रमाने ठरवावे, आवडीने नव्हे. अन्यथा पुढच्या ओळीतील मुलांच्याच नोंदी होतात. वर्षाच्या मध्ये दाखल होणाऱ्या मुलांसाठी आणखी एक करावे : पहिल्या दिवशी त्यांची परीक्षाच घेऊ नये. वाचन घ्यावयाचेच तर आठवड्याने घ्यावे, वर्गापुढे घेऊ नये, आणि पंधरा दिवसांनी निराळा मजकूर देऊन पुन्हा घ्यावे. घरी त्या मुलाकडे कोणती कामे आहेत हे पालकांस सहज विचारावे. ऊसतोडीच्या हंगामात मोळ्या मोजणारी, बाजारात हिशोब ठेवणारी, जनावरांची औषधे लक्षात ठेवणारी मुले आपल्या पटावर आहेत. हे सारे शाळेच्या भाषेत 'येते' या सदरात कोठेच नोंदले जात नाही.

पुढील महिन्याच्या शिक्षण परिषदेत या विषयासाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. शिक्षक बंधुभगिनींनी येताना आपल्या वर्गातील ज्या मुलाविषयी आपले मत सर्वांत पक्के झाले आहे, अशा एका मुलाच्या नोंदी सोबत आणाव्यात. मत अनुकूल असो वा प्रतिकूल. मुलाचे नाव लिहू नये. त्या मुलास गेल्या पंधरवड्यात आपण किती वेळा प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी किती वेळ थांबलो, हे आठवत असल्यास तेवढे एका चिठ्ठीवर लिहून आणावे. आठवत नसल्यास तसे लिहावे.